आर्मेनियनमध्ये ‘किती वाजले?’ : खानिस, आंत्स आणि पाकासचा घोळ

मृगनक्षत्र

पूर्व आर्मेनियन शिकतेय, म्हणजे येरेवानमध्ये बोलतात ती. लिपी वाचता येते, शंभरपर्यंत आकडे पाठ आहेत, पण घड्याळापाशी गाडी अडली आहे. दोनला ‘येर्कु’ म्हणतात, मग दोन वाजले की ‘येर्कुस’ कुठून येतं? ‘खानी झ़ाम’ आणि ‘झ़ामअ खानिस’ या दोन्हींत ‘किती’ आणि ‘तास’ हेच शब्द दिसतात, तर फरक काय? सव्वा, साडे, पावणे कसं म्हणायचं, आणि आपल्या दीड-अडीचसारखी खास नावं आहेत का? ‘तीन वाजले’ आणि ‘तीन वाजता’ यांत नक्की काय बदलतं? शिवाय ध्वनिफितीत कोणी वेळ सांगितली की पुस्तकात पाठ केलेला एकही आकडा ओळखू येत नाही. सविस्तर लिहिलंत तर बरं होईल.

अक्षरयात्री

आधी उच्चारांचं बोलू, नाहीतर पुढचं सगळं चुकीचं वाचलं जाईल.

रोमन लिप्यंतरावरून पाठ करत असाल तर ते आजच बंद करा. आर्मेनियनमध्ये क-ख-ग, त-थ-द, प-फ-ब अशी तीन-तीन वेगळी व्यंजनं आहेत. रोमनमध्ये क आणि ख एकाच अक्षराने लिहितात, फरकासाठी वर एक बारीकशी खूण देतात आणि बहुतेक ठिकाणी तीही गळते. देवनागरीत हा प्रश्नच येत नाही. तीन म्हणजे ‘येरेख’, काल म्हणजे ‘येरेक’. ‘येरेक येरेखिन’ म्हणजे काल तीन वाजता. इंग्रजीमार्गे शिकणारे इथे हमखास अडकतात, आपल्याला क आणि ख वेगळे काढायला कष्ट नाहीत. फक्त हा ख ‘सुख’मधला, उर्दूतला घशातला ख़ नव्हे. तो ख़ आर्मेनियनमध्ये आहे, पण त्याला स्वतंत्र अक्षर आहे.

मी वापरतोय त्या खुणा अशा. ‘झ़’ म्हणजे ‘श’ म्हणता म्हणता गळ्यातून आवाज काढला की येतो तो. ‘माझा’तला झही नाही आणि ‘झेंडा’तलाही नाही. ‘त्स’ म्हणजे ‘चमचा’तला च, पण श्वास सोडून. शब्दाच्या शेवटी ‘अ’ वेगळा लिहिला असेल तर तो मराठीसारखा गिळायचा नाही, म्हणायचाच: झ़ाम-अ. आघात साधारणपणे शेवटच्या अवयवावर येतो, या ‘अ’वर मात्र कधीच नाही.

आता ‘येर्कुस’. आकड्यामागे नाम आलं तर ‘येर्कु’: येर्कु झ़ाम, दोन तास. आकडा एकटा उभा राहिला, नामासारखा वापरला, की त्याला ‘स’ लागतो. घड्याळात तो एकटाच असतो, म्हणून ‘येर्कुस’. ‘किती’चंही तसंच: ‘खानी झ़ाम?’ म्हणजे किती तास, ‘झ़ामअ खानिसन् ए?’ म्हणजे किती वाजले. तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर खरं तर एकच आहे. बारापर्यंत हा ‘स’ फक्त दोन आणि बारा या आकड्यांना लागतो. चारच्या ‘छोर्स’मधला स मुळातलाच आहे, तो कुठे जात नाही.

दुसरी गोष्ट, ‘ए’च्या आधीचा ‘न्’. हा निश्चितता दाखवणारा प्रत्यय आहे. पुढे व्यंजन किंवा विराम असेल तर तो ‘अ’ होतो, पुढे स्वर असेल तर ‘न्’. ‘ए’ (आहे) हा स्वर आणि ‘आंत्स’ (होऊन गेलेलं) हाही स्वराने सुरू होणारा, त्यामुळे घड्याळात सतत ‘न्’ ऐकू येतो. नियम डोक्यात ठेवून बोलताना जुळवत बसण्यापेक्षा बाराही रूपं तयार पाठ करा:

मेकन् ए, येर्कुसन् ए, येरेखन् ए, छोर्सन् ए, हिंगन् ए, वेत्सन् ए, योथन् ए, उथन् ए, इन्न् ए, तासन् ए, तासनमेकन् ए, तास्नेर्कुसन् ए.

यात लक्ष ठेवायच्या जागा तीन. नऊ आणि दहा मोजताना ‘इनअ’, ‘तासअ’ असतात. इथे शेवटचा अ जातो आणि नऊमध्ये न् दुहेरी ऐकू येतो. बाराच्या मध्ये ‘ये’चा ‘ए’ होतो, तास्नेर्कुस, ‘तासनयेर्कुस’ नाही. आणि ‘तास’ म्हणजे दहा! दहा तास म्हणजे ‘तासअ झ़ाम’. मराठी डोकं इथे दोन-चार वेळा घसरणारच.

मिनिटांसाठी मराठी रचना डोळ्यांसमोर ठेवा, ती जवळपास तशीच्या तशी उतरते.

‘तीन वाजून दहा मिनिटं’ = झ़ामअ येरेखन् आंत्स ए तासअ रोपे. ‘आंत्स’ आपल्या ‘वाजून’च्या जागी बसतो, ‘रोपे’ म्हणजे मिनिट. हे पूर्ण, नीटनेटकं वाक्य झालं. बोलताना झ़ामअ, ए आणि रोपे तिन्ही गळतात आणि ‘येरेखन् आंत्स तासअ’ एवढंच उरतं.

‘चारला दहा कमी’ = छोर्सिन तासअ पाकास. ‘पाकास’ म्हणजे कमी, आणि ‘-इन’ म्हणजे अक्षरशः आपला ‘-ला’. इथे पुढच्या तासाचं नाव येतं, हे विसरू नका.

‘वाजता’लाही हाच ‘-इन’. आपण ‘चारला ये’ म्हणतो तसंच, झ़ामअ छोर्सिन. मेकिन, येर्कुसिन, येरेखिन, छोर्सिन, हिंगिन, वेत्सिन, योथिन, उथिन, इन्निन, तासिन, तासनमेकिन, तास्नेर्कुसिन. प्रश्न विचारताना ‘झ़ामअ खानिसिन?’ म्हणजे ‘किती वाजता?’

साडेसाठी ‘केस’ (अर्धा): येरेखन् आंत्स केस, साडेतीन. अर्धा तास गेलेल्या तासात मिळवायचा, मराठीसारखाच. रशियन येत असेल तर जपून. रशियनमध्ये साडेतीनला ‘चौथ्याचा अर्धा’ म्हणतात, आणि त्या सवयीने ‘छोर्स’ तोंडात आलं की पूर्ण एक तास चुकतो. घड्याळातल्या दीड-अडीचला वेगळं नाव नाही: मेकन् आंत्स केस, येर्कुसन् आंत्स केस. कालावधीला मात्र जोडशब्द आहे: ‘मेकुकेस झ़ाम’, दीड तास.

पाव म्हणजे ‘खारोर्थ’. लिहिताना शेवटी ‘द’ असतो, पण र नंतर त्याचा उच्चार ‘थ’ होतो. सव्वातीन: येरेखन् आंत्स खारोर्थ. पावणेचार: छोर्सिन खारोर्थ पाकास.

तिखटमीठ

वरच्या प्रतिसादात बहुतेक सगळं आलंय, एका गोष्टीला फाटा देतो. ‘खारोर्थ’ ओळखता यावं, पण बोलण्यासाठी त्यावर वेळ घालवू नका. सरळ पंधरा म्हणा: येरेखन् आंत्स तासनहिंग, छोर्सिन तासनहिंग पाकास. कोणाला खटकत नाही, आणि एक रचना पक्की झाली की बाकी सगळं तिच्यातच बसतं.

ऐकू का येत नाही, याचं उत्तर असं की तुम्ही तुटक शब्द पाठ केलेत आणि बोलणारा ते जोडून म्हणतो. न् पुढच्या स्वराला चिकटतो. ‘येरेखन् ए’ कानाला ‘येरेख्ने’ येतं, ‘येरेखन् आंत्स’ येतं ‘येरेख्नांत्स’. इन्नांत्स, तास्नांत्स, येर्कुस्नांत्स. त्यातून येरेवानच्या बोलण्यात ‘ए’च्या जागी सर्रास ‘आ’ असतो, म्हणजे ‘झ़ामअ खानिस्ना?’ आणि उत्तर ‘येरेख्ना’. पुस्तकात तुम्हाला ‘आ’ सापडणार नाही, कारण लिखित प्रमाणभाषेत तो चालत नाही. बोलताना ‘ए’च वापरा, परक्या माणसाने ‘ए’ म्हटलं तर ते शुद्ध वाटतं, विचित्र नाही. ऐकताना मात्र दोन्ही धरा.

ऐकण्याचा क्रम असा ठेवा. आधी फक्त ‘-नांत्स’ आला की ‘पाकास’ आला एवढंच पकडायचं. नांत्स आला तर त्याच्या आधी ऐकलेला तास खरा. पाकास आला तर आधी ऐकलेल्या तासातून एक वजा. पाकास वाक्याच्या शेवटी येतो ही खरी अडचण, कारण ‘छोर्सिन...’ ऐकल्याबरोबर चार वाजता असं वाटून जातं. म्हणून ‘-इन’ ऐकलं की लगेच निष्कर्ष काढायचा नाही. पुढे आकडा येतोय का ते बघायचं. आकडा आला तर कमीचं प्रकरण, नाही आला तर ‘वाजता’.

आणखी तीन वाक्यं रोज लागतात. ‘चिश्त येरेखन् ए’, बरोब्बर तीन. ‘आर्थेन येरेखन् ए’, तीन वाजलेसुद्धा. ‘देर येरेखअ छ्का’, अजून तीन वाजले नाहीत. शेवटच्यात ‘ए’चं नकारार्थी रूप नाही, ‘छ्का’ म्हणजे ‘नाही’, अस्तित्वात नाही या अर्थाने. शब्दशः बसवायला जाल तर फसाल, तसंच पाठ करा. आणि इथे पुढे व्यंजन आहे म्हणून ‘येरेखअ’, न् नाही.

अनोळखी माणसाला विचारायचं तर ‘क्नेरेख, झ़ामअ खानिसन् ए?’ (माफ करा, किती वाजले?) पुरेसं आहे. जरा अदबीने हवं असेल तर ‘छेख आसी, झ़ामअ खानिसन् ए?’, म्हणजे ‘किती वाजले सांगाल का?’ आघात ‘खानिस’च्या ‘नि’वर, सूर तिथेच वर चढवायचा, वाक्याच्या शेवटी नाही. आर्मेनियन लिपीत प्रश्नचिन्हही शेवटी न येता त्याच स्वराच्या डोक्यावर बसतं. ते चिन्ह म्हणजे सूर कुठे चढवायचा याची सूचनाच समजा.

रम्यसंध्या

कालावधीबद्दल कोणी फारसं लिहिलं नाही, आणि गोंधळ तिथेच जास्त होतो. सूत्र एकच: ‘झ़ाम’ आकड्याच्या आधी आला तर घड्याळ, नंतर आला तर कालावधी.

झ़ामअ येर्कुसित्स = दोन वाजल्यापासून.
येर्कु झ़ामित्स = दोन तासांनी, आत्तापासून मोजून.

प्रत्यय तोच, ‘-इत्स’, पण अर्थ पार वेगळा. ‘दोन तासांपूर्वी’ला ‘येर्कु झ़ाम आराछ’, ‘दोन तासांनंतर’ला ‘येर्कु झ़ाम हेतो’, अर्ध्या तासाला ‘केस झ़ाम’. मराठीत तासाचं अनेकवचन प्रत्ययापाशी दिसतं (तासांनी, तासांपूर्वी). इथे आकड्यामागे ‘झ़ाम’ एकवचनातच ठेवा.

‘नऊ ते सहा’ = झ़ामअ इन्नित्स मिंछेव वेत्सअ. ‘मिंछेव’ म्हणजे ‘पर्यंत’, तो आधी येतो आणि त्याच्या पुढच्या आकड्याला ‘अ’ लागतो. दुकानात ‘किती वाजेपर्यंत उघडं असतं?’ विचारायचं तर ‘मिंछेव खानिसन् एख आश्ख़ातुम?’, शब्दशः ‘कितीपर्यंत काम करता?’ पाटीवर ‘अंदमिजुम’ दिसलं तर ती जेवणाची सुट्टी, त्या वेळात दार वाजवून उपयोग नाही.

आता औषधांचं. येरेवानमध्ये वैद्यकीय शिकणारी भारतीय मुलं बरीच आहेत, त्यांना रुग्णाशी बोलताना हे लागतंच. ‘दर आठ तासांनी एक’ = उथ झ़ामअ मेक. यात ‘झ़ामअ’ आहे म्हणून आठ वाजता असं समजू नका. आकडा आधी आहे आणि मागे ‘मेक’ (एक) आहे, म्हणजे ‘दर’. तेच ‘झ़ामअ उथिन’ म्हटलं तर आठ वाजता. ‘दिवसातून तीनदा’ = ओरअ येरेख आंगाम. ‘खाण्याआधी’ = उतेलुत्स आराछ, ‘खाल्ल्यावर’ = उतेलुत्स हेतो. दर आठ तासांनी आणि दिवसातून तीनदा यांत गोळ्या तेवढ्याच, पण पहिल्यात रात्रीचा डोसही वेळेवर आहे. रुग्णाला हे स्पष्ट करायचं असेल तर घड्याळातल्या वेळाच सांगून टाका: आरावोत्यान झ़ामअ वेत्सिन, त्सेरेक्वा झ़ामअ येर्कुसिन, येरेकोयान झ़ामअ तासिन.

हे शेवटचे तीन शब्द म्हणजे सकाळी, दिवसा, संध्याकाळी. चौथा ‘गिशेर्वा’, रात्री. जागाही मराठीसारखीच, वेळेच्या आधी: ‘गिशेर्वा झ़ामअ येर्कुसिन’ म्हणजे रात्री दोनला. दुपारी बाराला ‘केसोर’ (अर्धा दिवस), मध्यरात्रीला ‘केसगिशेर’.

मृगनक्षत्र

सगळ्यांचे आभार, बरंच मोकळं झालं. काही वाक्यं करून बघितली, तपासाल का?

१. ७:४० – उथिन ख्सान पाकास
२. २:३० – येर्कुन आंत्स केस
३. ९:१५ – इनअ आंत्स तासनहिंग
४. १२:५५ – तास्नेर्कुसिन हिंग पाकास
५. तीन तासांनी – झ़ामअ येरेखिन
६. साडेपाच वाजता – हिंगिन आंत्स केस

शिवाय एक नवी शंका. मैत्रिणीच्या निरोपात नुसता ‘२’ आणि त्यापुढे संयोगचिन्ह लावून ‘इन’ असं लिहिलेलं होतं. हे कसं वाचायचं?

अक्षरयात्री

पहिलं बरोबर.

दुसऱ्यात ‘स’ राहिला: येर्कुसन् आंत्स केस. अडीचवरून थेट भाषांतर करायला गेलं की हे होतं. ‘अडीच’मध्ये दोन ऐकूच येत नाही, मग आकडा शोधून लावताना मोजण्यातला ‘येर्कु’ हाताला लागतो. दीड आणि अडीच यांची रूपं सुटी पाठ करा, नियमाने बनवू नका.

तिसरं, ‘इन्न् आंत्स तासनहिंग’. पुढे ‘आंत्स’चा स्वर आहे, तेव्हा शेवटचा अ उडतो.

चौथं मोठी चूक आहे, तुम्ही ११:५५ सांगितलेत. १२:५५ म्हणजे एकला पाच कमी: मेकिन हिंग पाकास. गाडी-बस गाठायची असेल तर अशी चूक महागात पडते. पाकासवर विश्वास बसेपर्यंत अर्ध्या तासानंतरही ‘आंत्स’च वापरलात तरी चालेल. ३:४०ला ‘येरेखन् आंत्स खारासुन’ (तीन वाजून चाळीस) म्हटलं तर समजतं सगळ्यांना. मिनिटांचे दहक असे: तासअ, ख्सान, येरेसुन, खारासुन, हिसुन. मधले आकडे निव्वळ जोडून, ख्सानहिंग पंचवीस, खारासुनहिंग पंचेचाळीस. आपल्या एकोणचाळीस-सत्तेचाळीससारखी कसरत इथे नाही.

पाचव्यात आकडा आणि झ़ाम यांची जागा उलटी झाली. येरेख झ़ामित्स. तुम्ही लिहिलंत ते ‘तीन वाजता’.

सहावं विचार करण्यासारखं आहे. ‘वाजता’चा ‘-इन’ तासाला नाही, सगळ्यात शेवटच्या शब्दाला लागतो: हिंगन् आंत्स केसिन. तसंच तीन वाजून दहा मिनिटांनी, येरेखन् आंत्स तासिन. आपल्याकडेही ‘साडेपाचला’ म्हणताना ‘ला’ शेवटीच असतो. पाकासच्या रचनेत मात्र काहीच जोडायचं नाही. तिथे ‘-इन’ आधीच एकदा येऊन गेलाय, ‘छोर्सिन तासअ पाकास’ हेच ‘वाजायला दहा मिनिटं आहेत’ आणि ‘दहा मिनिटं कमी असताना’ या दोन्हींना चालतं.

निरोपातलं ‘२-इन’ वाचायचं ‘येर्कुसिन’. अंकाने लिहिलं की ‘स’ दिसत नाही, पण वाचताना म्हणावाच लागतो. गोम दुसरीच आहे. तारखाही ह्याच रूपात म्हणतात. ‘मायिसि येर्कुसिन’ म्हणजे २ मे रोजी. तेव्हा नुसतं ‘२-इन’ म्हणजे दोन वाजता की दोन तारखेला, हे संदर्भावरून ठरवायचं. स्वतः लिहिताना आधी ‘झ़ामअ’ लिहावं, म्हणजे वाद उरत नाही. छापील पाट्यांवर त्याऐवजी नुसतं ‘झ़’ हे अक्षर आणि पुढे टिंब असतं.

वेळापत्रकं चोवीस तासांची असतात. १५:३० मोठ्याने वाचताना ‘तासनहिंगन् आंत्स येरेसुन’, तिथे सहसा ‘केस’ येत नाही. २२:०० म्हणजे ‘ख्सानेर्कुसन् ए’, इथेही ‘स’ आला बघा. बारानंतर तो पुन्हा फक्त बाविसाला लागतो.

निळीशाई

थोडं अवांतर. आर्मेनियन घड्याळांच्या तबकडीवर आकड्यांऐवजी अक्षरं दिसतात, ती कशी वाचायची?

अक्षरयात्री

वर्णमालेच्या क्रमाने. मेस्रोप माश्तोत्सने इ.स. ४०५च्या सुमारास लिपी घडवली तेव्हा ३६ अक्षरं होती, आणि ती चार ओळींत मांडली की प्रत्येक ओळीत नऊ: पहिली ओळ १ ते ९, दुसरी १० ते ९०, तिसरी १०० ते ९००, चौथी १००० ते ९०००. शेवटची दोन अक्षरं मध्ययुगात जोडली गेली, त्यांना किंमत नाही.

तबकडीला पहिली दहाच लागतात: आइब, बेन, गिम, दा, येछ, ज़ा, ए, अथ, थो, झ़े. एक ते नऊ एकेक अक्षर, दहाला झ़े, अकराला झ़े-आइब, बाराला झ़े-बेन. म्हणजे ‘झ़ाम’ ज्या अक्षराने सुरू होतो तेच दहाच्या जागी असतं. फसवणारी जोडी पाच आणि सात: येछ आणि ए ही दोन्ही ‘ए’ गटातली अक्षरं, आणि सातवं अक्षर हेच आपल्या वाक्यांतलं ‘ए’, आहे. शून्य या पद्धतीत नाही, त्यामुळे मिनिटं अशी लिहिलेली सापडणार नाहीत. घड्याळाला ‘झ़ामात्सुय्त्स’ म्हणतात, तास दाखवणारं. जुन्या आर्मेनियनमध्ये तर चोवीस तासांना चोवीस वेगळी नावं होती. ती आज बोलण्यात नाहीत, वाचनात भेटली तर दचकू नका.

तिखटमीठ

मृगनक्षत्र, चित्रफिती निवडताना एक काळजी घ्या. त्यातला माणूस एकला ‘मेक’ म्हणतो की ‘मेग’, ते पहिल्या मिनिटात ऐका. ‘मेग’, ‘येर्गु’, ‘दासअ’ ऐकू आलं तर ती पश्चिम आर्मेनियन आहे, बैरूत वगैरे ठिकाणच्या समाजाची. तिथे क-त-प आणि ग-द-ब यांची अदलाबदल होते, ‘केस’चं ‘गेस’ होतं, ‘पाकास’चं ‘बागास’. किती वाजले विचारतानाही ‘स’ नाही: ‘झ़ामअ खानी ए?’ भाषा म्हणून ती उत्तमच, पण दोन्ही एकदम सुरू केल्या तर ‘येर्कु’ आणि ‘येर्गु’ यांची खिचडी होऊन कान बिघडतो. येरेवानला जायचं असेल तर सध्या मेकवाले धरा.

रम्यसंध्या

सरावासाठी वेगळं काही करायची गरज नाही. आर्मेनिया युटीसीच्या चार तास पुढे, आपण साडेपाच, म्हणजे भारत येरेवानच्या ‘मेकुकेस झ़ाम’ पुढे. २०१२पासून आर्मेनियात उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, त्यामुळे हा दीड तास वर्षभर तोच राहतो. इथलं घड्याळ बघितलं की दीड वजा करून तिथली वेळ मोठ्याने म्हणायची. इथे साडेदहा, तिथे इन्न् ए. इथे सव्वापाच, तिथे छोर्सिन तासनहिंग पाकास. इथे पावणेदोन, तिथे तास्नेर्कुसन् आंत्स तासनहिंग. सव्वाचं पावणे आणि पावण्याचं सव्वा होतं, त्यामुळे आंत्स-पाकासची अदलाबदल आपोआप घोटली जाते.

सुरुवातीला पूर्ण आणि अर्ध्या तासांवरच करा. इथे साडे असेल तेव्हा तिथे पूर्ण तास निघतो, आणि इथे पूर्ण असेल तेव्हा तिथे ‘केस’. पाच-पाच मिनिटांचा हिशेब नंतर घ्या.